पिळ्ळैयाराच्या मागची हेडलाइट रिंग

कुंभकोणमहून लेख आलाय म्हटल्यावर तुमच्या नाकात आधी कॉफीचा वास शिरला असणार. पुढच्या वाक्यात गोपुरं येतील, त्याच्या पुढच्या वाक्यात तंजावरचे मराठे, परक्या मुलखात पिढ्यानपिढ्या भाषा जपली हो, वगैरे. रुमाल काढला असेल तर परत खिशात ठेवा. कॉफीनं मला पित्त होतं. गोपुरं आहेत, पण ती काही मी बांधली नाहीत. आणि भाषा आम्ही जपली नाही, ती आमच्याकडे पडून राहिली. माळ्यावर पडून राहिलेल्या वस्तूला 'जपलेली' म्हणणं ही गिऱ्हाईक गटवायची युक्ती आहे. मला माहीत आहे, कारण तोच माझा धंदा.

मी जुन्या अमेरिकन गाड्यांचे दागिने शोधून देतो. 'मसल कार' म्हणतात त्यांना. लांब नाक, दोन दारं, बसायला जागा कमी आणि पेट्रोल प्यायला घसा मोठा. आता तुम्हाला वाटलं असेल, चला, इंजिन येईल, टायरचा धूर येईल, वेग येईल. तेही नाही. इंजिनातलं मला काही कळत नाही. कोणी बॉनेट उघडलं की पाहुण्यांच्या भांडणातून सरकावं तसा मी मागे सरतो. माझ्याकडे कारचं लायसन्स नाही. माझं वाहन मोपेड. माझं काम गाडीच्या अंगावर बाहेरून जे चमकतं त्याचं. खिडकीभोवतीच्या पट्ट्या, नाकावरची जाळी, बुडावरचा मोनोग्राम, दिव्यांभोवतीच्या रिंगा. गाडीची नथ, जोडवी, कमरपट्टा. बाई कितीही ठणठणीत असली तरी नथ हरवली की लग्नघरात जो गोंधळ होतो, त्या गोंधळावर माझं पोट चालतं.

आणि हो, हे जे मराठी तुम्ही वाचताय ते माझं नाही. फोनवर गिऱ्हाइकांचं ऐकून उचललंय. थोडं पुण्याचं, थोडं नाशिकचं, शिव्या कोल्हापूरच्या. नकला करायची खोड शाळेपासूनची. वर्गात हेडमास्तरांच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती, अर्धी शाळा घरी गेली. घरातलं आमचं मराठी वेगळंच. ते ऐकून तुमच्याकडचा माणूस असा बघतो, जणू चौकातला पुतळा खाकरला.

धंदा समजायला सोपा आहे. दागिना तीन जातींचा. एक, ओरिजिनल पण वापरलेला. त्या काळच्या गाडीवरून काढलेला, खरचटलेला. दोन, नवा-जुना. म्हणजे कारखान्यातून निघाला आणि डब्यातच राहिला, कुणाच्या अंगाला लागला नाही. ह्याची किंमत ऐकायला गिऱ्हाइकाला मी आधी खुर्चीवर बसवतो. आणि तीन, रिप्रॉडक्शन. आजच्या साच्यातून आज काढलेला. लांबून तोच, जवळून जावईबापूंच्या चुलत भावासारखा. कडा जाड, क्रोमला निळसर झाक, आणि भोकं अशी की स्क्रू बसवताना बसवणाऱ्याच्या तोंडून सगळे देव बाहेर यावेत. ओरिजिनलच्या पाठीवर कारखान्याचे उठावाचे आकडे असतात. प्रदर्शनात परीक्षक टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन गुडघ्यावर बसतात आणि ते आकडे बघतात. शिकलीसवरलेली, टाय लावलेली माणसं गाडीच्या खाली डोकं घालून बसतात. बेंगळूरूच्या एका साहेबांनी मला एकदा स्क्रू मागितले, पण गंजलेले. मी म्हटलं, नवे देतो. म्हणाले, "नको, गंज ओरिजिनल पाहिजे." मी नवे स्क्रू मिठाच्या पाण्यात टाकून देऊ शकलो असतो. दिले नाहीत. नक्कल करणाऱ्यालाच असलीची किंमत असते, हे तुम्हाला पटणार नाही, सोडा.

शोधायची पद्धत एकच. हवी ती वस्तू कधी मागायची नाही. भंगारवाल्याला "हेडलाइट रिंग आहे का?" विचारलं की त्याच्या डोळ्यांत मुलीच्या लग्नाचा मांडव उभा राहतो. म्हणून विचारायचं मडगार्डाबद्दल, भाव करायचा दरवाज्याचा, आणि जाता जाता म्हणायचं, ही रिंग पायात येतेय, हिचं काय करताय? भंगारवाल्याशी भंगारवाल्याच्या आवाजात, वकिलाच्या विधवेशी बँकेतल्या नम्र कारकुनाच्या आवाजात. माझ्या स्वतःच्या आवाजात मी कधी काही विकत घेतल्याचं आठवत नाही.

तर कोल्हापूरचे बापूसाहेब. गुळाचे मोठे व्यापारी, मन गुळाचं, तोंड मिरचीचं. त्यांच्याकडे अशी एक गाडी. सगळी ओरिजिनल, फक्त डाव्या दिव्याची रिंग नाही. त्या जागी रिप्रॉडक्शन. एवढ्यासाठी माणूस झोपत नव्हता. पुढच्या प्रदर्शनात कप घ्यायचाच, असं गावभर सांगून बसलेले. मला रोज फोन.

"आरं लेका, घावली का न्हाई?"

"शोधतोय बापूसाहेब. उजवी मिळतेय."

"उजवी घालून डावीकडं बगू व्हय? माज्या गाडीचा एक डोळा काचंचा हाय, तुला काय त्याचं!"

काचेचा डोळा. आता सांगा, दिव्याची रिंग ती. पण आवाजात असं काही होतं की मी फोनवर हसलो नाही. म्हणजे फोन ठेवून हसलो.

रिंग घावली तिरुनीलक्कुडीला. कुंभकोणमच्या पूर्वेला, भाताच्या शेतांतलं गाव. एका लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो आणि एका भातगिरणीच्या फाटकाशी मोपेड पंक्चर झाली. फाटकाशी पिंपळ, पिंपळाखाली दगडी पिळ्ळैयार. आमच्याकडे गणपतीला पिळ्ळैयार म्हणतात. मी बुद्धीसाठी उठाबशा काढायला लागलो, कान धरून, इथल्या रिवाजाप्रमाणे. दुसऱ्या उठाबशीला नजर देवाच्या मागच्या प्रभावळीवर गेली. तेलानं काळी कुळकुळीत, वरून भुवईसारखं टोक आलेली. कडेला स्क्रूची भोकं.

देवाच्या प्रभावळीला स्क्रूची भोकं कशाला?

मागे जाऊन बोट फिरवलं. तेलाच्या थराखाली उठावाचे आकडे लागले. बापूसाहेबांच्याच गाडीचे, आणि डावी बाजू! उरलेल्या उठाबशा मी आनंदात काढल्या.

चौकशी केली. गिरणी आणि पिळ्ळैयार दोन्ही रुक्मिणी अक्का चालवतात. पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज गिरणीच्या वर जाणारा. दुसऱ्या दिवशी मी तिरुचीचा भाविक कंत्राटदार होऊन गेलो. कपाळाला विभूती, घसा जाड केला आणि ठसक्यात तमिळ सुरू केलं. अम्मा, स्वप्नात तुमचे पिळ्ळैयार आले. म्हणाले, मला नवी पितळी प्रभावळ कर. स्वामीमलैच्या ओतारी आसारीकडून करवून आणतो. जुनी तेवढी मी घेऊन जातो, पूजेला.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग आमच्या घरच्या मराठीत म्हणाल्या, "मेलकावेरीच्या सुंदरराव मास्तरांचा लेक नव्हे काय तूं? कान बापाचे आहेत. ती विभूती पूस, घामानें ओघळते आहे."

घसा आपोआप बारीक झाला.

"गाडीसाठीं पाहिजे, होय कीं नाहीं?"

"होय अक्का."

"मग तसें सांग कीं. देवाचें नांव काय म्हणून मध्यें घातलेंस? त्याला काय दुसरें काम नाहीं, तुझ्या स्वप्नांत यायला?"

मग त्यांनी गोष्ट सांगितली. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, कुठल्याशा लिलावात घेतलेली. नव्या नवरीला त्यांनी तिच्यातूनच घरी आणलं. अक्का मागे बसल्या होत्या, पुढे रस्ताभर दोन दिव्यांचा उजेड, दोन्हीकडे भात. "तेवढा उजेड त्या रस्त्यानें आधीं पाहिला नव्हता," म्हणाल्या. पुढे म्हातारपणी सासऱ्यांनी तीच गाडी फाटकाशी पिंपळावर घातली. गाडी चेपली, सासऱ्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं, आणि रिंग उडाली ती पिळ्ळैयाराच्या मागे जाऊन टेकली, बसवल्यासारखी. सासरे म्हणाले, त्यानं मागून घेतली, राहू द्या. गाडी भंगारात गेली. रिंग राहिली, आणि तेल पीत पीत अशी टिकली की अमेरिकेतल्या डब्यात टिकली नसती.

"देतें," अक्का म्हणाल्या. मी भाव करायच्या आवाजाची तयारी करत होतो, ती वाया गेली. "देवाला नवी पितळेची कर, चांगली कर. हें दिव्याचें आहे, दिव्याभोवतीं जावें. बसून बसून कंटाळलें असेल. पण एक. गाडीला लावून, त्यांत दिवा लागलेला मजला दाखवायचा. फोटो चालेल. रस्त्यावरचा पाहिजे."

"नक्की अक्का."

"तुझ्या नक्कीला कोण विचारतो? पिळ्ळैयारासमोर बोललास, तें लक्षांत ठेव."

नवी प्रभावळ ओतून आली, पण देवामागून वस्तू अशीच उचलता येत नाही. गुरुक्कल, म्हणजे इकडचे देवळातले पुजारी, बोलवावे लागले. वस्तूतलं देवत्व मंत्रानं पाण्याच्या कलशात काढून घ्यायचं आणि मग नव्या वस्तूत सोडायचं. मोठ्या देवळांच्या दुरुस्तीला करतात तो विधी, इथे एका हेडलाइट रिंगेला. आपण जुन्या फोनमधले नंबर नव्यात घेतो ना, तसंच, फक्त ह्याला नारळ लागतो. मी म्हटलं, स्वामी, जरा भरभर. गुरुक्कल गंभीरपणे म्हणाले, "घाई करू नका सर. थोडं आत राहिलं तर रस्त्यात हॉर्न आपोआप वाजेल." अक्का कलशाकडे बघत होत्या. विधी झाल्यावर त्यांनी रिंग स्वतः उचलून माझ्या हातात दिली. "आतां ही फक्त रिंग," म्हणाल्या.

रॉकेलमध्ये मऊ फडकं भिजवून मी तेल उतरवलं. खाली क्रोम असं निघालं की मला त्यात माझं तोंड दिसलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बरं दिसलं. कुरिअरवर विश्वास नव्हता. वेष्टीत, म्हणजे इकडच्या लुंगीवजा धोतरात, गुंडाळून, मांडीवर घेऊन, गाड्या बदलत कोल्हापूर गाठलं.

बापूसाहेबांनी शेडमध्येच पाट मांडला होता म्हणा ना. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हर घेऊन उभा. जुनी रिप्रॉडक्शन रिंग काढून बाजूला पडलेली. बापूसाहेबांनी वेष्टी सोडली, रिंग उलटी केली, आकड्यांवरून अंगठा फिरवला. डोळ्यांत पाणी. गूळ विकणारा एवढा रडू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"कुठं घावली रं?"

बस. इथे गप्प बसायचं होतं. "चेन्नईच्या भंगारात," एवढं म्हणायचं होतं. पण शेडमध्ये मेकॅनिक होता, दोन पुतणे होते, हमाल होते, आणि एवढे प्रेक्षक समोर असताना मी गप्प बसलो तर माझी जीभ माझ्यावर केस घालेल. मी सगळं करून दाखवलं. तिरुचीचा कंत्राटदार, कपाळावरून ओघळणारी विभूती. रुक्मिणी अक्का, किल्ल्यांच्या आवाजासकट. गुरुक्कलांचा मंत्र तर असा म्हटला की मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून हात जोडले. लोक खो खो हसले. मी आणखी चढलो. पिळ्ळैयाराच्या मागे रिंग कशी टेकली ते हातवारे करून दाखवत होतो, तेव्हा लक्षात आलं की बापूसाहेब हसत नाहीत.

त्यांनी पायातल्या चपला काढल्या होत्या.

"म्हंजे ही गणपतीमागची हाय?"

"होती बापूसाहेब. होती."

"आणि ती मी गाडीला लावू? दिव्याभवती? त्या टायरापाशी रोज आमचं टाइगर पाय वर करतंय!"

"अहो, पण देवत्व काढलंय त्यातलं! रीतसर! कलशात!"

"आसं काढून निगतंय व्हय? ढेप काढली तरी भांड्याला गुळाचा वास ऱ्हातोय का न्हाई?"

मी म्हटलं, बापूसाहेब, तुमचा कप? तुमचा काचेचा डोळा? तिकडे अक्कांना मी शब्द दिलाय, दिवा लागलेला दाखवायचा. पण घरातून वहिनीसाहेब हळदकुंकू घेऊन आल्याही होत्या. त्या रिंगेवर कुंकू चढलं आणि माझ्या धंद्याला चंदन लागलं. रिंग वाजतगाजत देवघरात, त्यांच्या गणपतीच्या मागे. गाडीला पुन्हा तीच जाड कडेची रिप्रॉडक्शन. मेकॅनिक बसवताना सगळे देव बाहेर काढत होता, फक्त गणपती सोडून.

प्रदर्शनात परीक्षक टॉर्च आणि आरसा घेऊन गुडघ्यावर बसला. सगळीकडे मान डोलावली, डाव्या दिव्याशी थांबला. म्हणाला, ही रिंग नव्या साच्यातली आहे.

"व्हय," बापूसाहेब ताठ मानेनं म्हणाले. "ओरिजनल देवघरात हाय. बगायची आसंल तर घरी या. पायताण बाहेर काडून."

परीक्षकानं कागदावर काहीतरी खोडलं. कप दुसऱ्यालाच मिळाला. त्याच्या गाडीचा निम्मा पत्रा नवा होता, पण रिंगा दोन्ही जुन्या. बापूसाहेब मात्र खूश. येईल त्याला देवघरात नेऊन सांगत होते, अख्ख्या देशात असा ओरिजिनल भाग कुणाच्या गणपतीमागे नाही. दोन वर्षं माझं डोकं खाल्लं ह्या माणसानं, असली असली करून. असली मिळाली तेव्हा हात जोडले आणि नकलीवर गाडी हाकली. हसा तुम्ही. मीही हसलो असतो, पण तिरुनीलक्कुडीला जायचं राहिलं होतं.

जायच्या आधी मी एक अक्कल लढवली. बापूसाहेबांच्या देवघरात वहिनीसाहेबांनी रिंगेच्या बरोबर पुढे निरांजन लावलं होतं, त्याचा जवळून फोटो काढून आणला होता. रिंग आहे. दिवा आहे. लागलेला आहे. अक्का म्हणाल्या तसंच, नाही का?

पिंपळाखाली पिळ्ळैयार नव्या पितळी प्रभावळीत झळकत होता. आसारीनं वर सिंहाचं तोंड काढलं होतं. अक्का गिरणीतून आल्या, हात पदराला पुसले, फोन लांब धरून फोटो पाहिला. मी त्यांच्या चेहऱ्याची नक्कल मनात पाठ करत होतो, सवय.

"रस्ता कोठें आहे ह्यांत?"

मी सांगितलं. सगळं. बापूसाहेब, चपला, ढेप, वास. पहिल्यांदाच कुणाचा आवाज न काढता सांगितलं, त्यामुळे फार लवकर संपलं.

"डेय!" गिरणी थांबली की काय असं वाटलं. "देवाजवळ ठेवायला मजजवळ देव नव्हता? हा कोण बसला आहे येथें? हा तुला मांजर दिसतो? एवढा गुरुक्कल बोलावला, कलश मांडला, त्याच्या मागून काढून घेतलें, कशासाठीं? दुसऱ्या गांवच्या देवामागें उभें करायला? तेंही बिचारें तेथें उभें, हेंही बिचारें सिंहाचें तोंड लावून येथें उभें. मजला काय पाहिजे म्हणालें होतें मी? ती गाडी रस्त्यानें चालली पाहिजे, पुढें उजेड पडला पाहिजे, भातावर. निरांजन दाखवतोस मजला? निरांजन लावायला मजला कोल्हापूर पाहिजे?"

"अक्का, ते ऐकत नाहीत हो. मी म्हटलं त्यांना, देवत्व काढलंय..."

"तूं म्हटलेंस! तूं म्हटलेंस तेव्हांच सगळें बिघडलें. कोणी विचारलें होतें तुला, गुरुक्कल करून दाखव म्हणून? माझ्या किल्ल्याही वाजवल्यास, होय कीं नाहीं? सुम्मा गप्प राहतां येत नाहीं तुजला? घरीं जाऊन आतां हेंही करून दाखवशील, ठाऊक आहे मजला, ओठ हालताहेत तुझे!"

मी ओठ मिटले.

"मिटूं नको. काढ फोन. लाव त्या कोल्हापूरच्याला. मीं आतां तुला जें बोललें तें सगळें त्याला माझ्या आवाजांत बोल. एक शब्द कमी नको, किल्ल्या ह्या घे. तोंडानें घालवलेंस, आतां तोंडानेंच आण!"